इटलीत तिकीट काढताना, पाट्या वाचताना: तुमचे अनुभव लिहा

'ग्रात्सिए' आणि 'बोंजोर्नो' सगळेच पाठ करून जातात. स्टेशनवर अडतं ते दुसऱ्याच शब्दांशी. तुम्हाला कोणते कामी आले?

माझ्यापासून सुरुवात. 'पार्तेन्त्से' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'आरीवी' येणाऱ्या, 'बिनारिओ' प्लॅटफॉर्म. फलकावर फ्लॉरेन्स सापडत नाही, फिरेन्त्से शोधायचं. व्हेनिसची तर दोन स्टेशनं: मेस्त्रे अलीकडे जमिनीवर, कालव्यांपाशी उतरायचं तर सांता लुचिया.

*

'रेजोनाले' म्हणजे जवळपासच्या साध्या गाडीचं कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही! चढण्याआधी प्लॅटफॉर्मजवळच्या यंत्रात घालून तारीख-वेळ छापून घ्यायची. पाटीवर 'कोन्वालिदारे' किंवा 'ओब्लितेरारे', बोलताना लोक 'तिंब्रारे' म्हणतात. आमच्या डब्यात एका जोडप्याने खिशात तिकीट असूनही दंड भरला. फास्ट गाडीच्या आरक्षित तिकिटाला ही भानगड नाही.

*

टस्कनीतल्या खेड्यांत बसने हिंडणार असाल तर दोनच शब्द घोका. 'फेरिआले' म्हणजे सोमवार ते शनिवार. रविवार आणि सणवार 'फेस्तीवो'. 'स्कोलास्तिको' लिहिलेली बस शाळा चालू असतानाच धावते, म्हणजे ऐन उन्हाळ्यात नाहीच. आणि 15 ऑगस्टला त्यांचीही सुट्टी असते, फेरागोस्तो. त्या दिवशी 'फेस्तीवो'चाच रकाना बघायचा.

*

बसचं तिकीट कुठे? ठळक 'टी'ची पाटी असलेल्या 'ताबाक्की'त, म्हणजे सिगारेटच्या दुकानात. आपल्या पानटपरीवर एसटीचं तिकीट मिळावं तसं. 'आंदाता ए रितोर्नो' म्हटलं की जाऊन-येऊन.

*

'शोपेरो' दिसलं की संप. घाबरू नका, कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. आम्ही सकाळच्या गाडीने बोलोन्या गाठलं.

*

यंत्रावर 'ग्वास्तो' चिकटवलं असेल तर नाणी घालू नका, बिघडलंय. दारावर 'स्पिंजेरे' असेल तर ढकला, 'तिरारे' असेल तर ओढा.

*

संग्रहालयाच्या खिडकीवर 'इंतेरो' पूर्ण दर, 'रिदोत्तो' सवलतीचा. सरकारी संग्रहालयांत 18 खालच्या मुलांना प्रवेश फुकट, देश कुठलाही असो. बाबांनी मात्र उफीत्सीत ज्येष्ठ नागरिक म्हणून पासपोर्ट पुढे केला. खिडकीतल्या बाईंनी गोड हसून पूर्ण पैसे घेतले.