डोंगरमाथ्यावर दिवसभर सायकल, सोबत जोडीदार : तुमचे अनुभव लिहा

डांबर सोडून दगडाधोंड्यांतून, डोंगराच्या माथ्यामाथ्याने दिवसभर सायकल चालवली असेल तर इथे जरूर लिहा. सातारा-सांगलीकडच्या वाटा असतील तर फारच छान. किती किलोमीटर झाले यापेक्षा सोबत कोण होतं आणि कुठे काय निभावून नेलं, ते वाचायला मला आवडेल. सुरुवात मीच करतो.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र पहाटे साडेपाचला साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासून निघालो. बोगदा, सज्जनगड फाटा, बोरणे घाट, ठोसेघर. इथवर २५-२६ किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता. खरा दिवस सुरू झाला तो चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपाशी. तिथे बैलगाडीची जुनी चाकोरी धरून आम्ही सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावर, शिरलो.

इथला दगड जांभा. तो लांबून सपाट दिसतो. जवळ गेल्यावर नुसता भोकाभोकांचा, कडा धारदार. टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड येते. फार कमी केली तर ट्यूब दगड आणि रिममध्ये चेंगरते आणि एकदम दोन भोकं पडतात. सीट खाली घ्यायची, पेडलवर उभं राहायचं, कोपरं सैल ठेवायची आणि नजर चाकावर न ठेवता पुढच्या वाटेवर ठेवायची. हे सगळं मला त्यानेच शिकवलं. अवघड जागा आली की तो पलीकडे जाऊन थांबायचा आणि ओरडायचा, "डावीकडनं ये, डावीकडनं! आता ब्रेक दाबू नको!"

अकराच्या सुमारास त्याचीच सायकल एका खाचेत कलंडली. तो सावरला, पण मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) दगडावर आपटला आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटला. हँगर मुद्दामच मऊ धातूचा करतात, म्हणजे मार तो खातो आणि फ्रेम वाचते. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, आणि आमच्याकडे जास्तीचा नव्हता. चेन तोडायचं टूल मात्र होतं. डिरेलर काढला, चेन आखूड करून मधल्या चक्रीवर चढवली आणि एकाच गिअरची सायकल केली. त्याला तासभर लागला. सावली म्हणाल तर पवनचक्कीच्या खांबाची तेवढी. ती सरकेल तसे आम्ही पान्यांसकट सरकत होतो.

परत फिरूया का, असं मी विचारलं. म्हणाला, "तुला कड्यापर्यंत जायचंय ना? मग चल की."

पुढे प्रत्येक चढ त्याने चालत काढला. माझे गिअर शाबूत होते, तरी मीही उतरलो. त्या चालण्यातच तो वडिलांच्या आजारपणाविषयी बोलला. आमचं फोनवर रोज बोलणं असतं, पण यातलं काहीच मला माहीत नव्हतं. कड्यावर बसून भाकरी आणि खर्डा खाल्ला. परतताना डाव्या हाताला खाली उरमोडीचं पाणी चमकत होतं, मोजे कुसळांनी भरले होते, आणि आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो.

* * *

मी मिरजेचा. आमच्याकडे दंडोबाचा डोंगर. डोंगराच्या पोटात कोरलेलं देऊळ आहे, त्याच्या वरच्या धारेने मी आणि मावसभाऊ फिरतो. तिथे दगडापेक्षा बाभळीचा काटा वाईट. एका दिवसात पाच पंक्चर काढली आहेत. काटा टायरच्या आतून बोट फिरवून शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. पाणी माणशी तीन लिटर तरी न्या.

* * *

माझा अनुभव जरा वेगळा आहे. पावसाळा सरताना मैत्रिणीबरोबर यवतेश्वरवरून पुढे गेले होते. कासच्या फुलांच्या पठाराच्या कुंपणाबाहेरच एक मोकळा सडा दिसला, म्हणून मी सायकल आत घातली. ती मागून ओरडली, "अगं थांब, खाली बघ!" चाकाच्या पुढ्यात डबक्यात वायतुरा फुलला होता. कातळावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा, आणि सगळी कंदमुळं, बिया त्याच थरात. ओल्या मातीत चाकाची रेघ उमटली की ती राहते. कास २०१२ साली जागतिक वारशात गेलं म्हणून त्याची राखण होते. बाहेरच्या सड्याला कोण राखणार? सायकल उचलून मागे आले. तेव्हापासून चाकोरी सोडत नाही. वर चाळकेवाडीचं लिहिणाऱ्या दादांनी चाकोरी धरली, हे वाचून फार बरं वाटलं.

* * *

लिहू की नको असं झालं होतं. मी एकदा मित्राला मागे सोडून पुढे गेलो होतो. चढ जमत होता, थांबावंसं वाटलं नाही. माथ्यावर पाऊण तास वाट पाहिली आणि मग परत खाली उतरलो. एका वळणावर तो पायात गोळे येऊन बसला होता, बाटली रिकामी. जास्तीचं पाणी माझ्या पाठीवरच्या बॅगेत. तो काही बोलला नाही. आता मी मागे राहतो, मुद्दाम.

* * *

धागा मीच काढला होता, म्हणून कळवतो. मित्राचे वडील आता घरी आलेत, गच्चीपर्यंत चालतात. त्याच्या सायकलला नवा हँगर बसवला. त्याच फ्रेमचा आणखी एक घेतलाय, तो माझ्या बॅगेत असतो.