दहावी ब, १९९०: बॅनरवरचा ‘मेजर’

संजय: [फोटो] मित्रांनो, स्नेहमेळाव्याचा बॅनर फायनल. उद्या सकाळी छापायला देतोय. आपल्या कारगिलवीर मेजर दत्ताचा सत्कार हेच यंदाचं आकर्षण 🙏

सुनीता: छान. टी-शर्टची मापं अजून ११ जणांची यायची आहेत. कृपया पाठवा.

दत्ता: संजय, हे छापू नकोस. मी मेजर नाही.

विजू: आले आले, मेजरसाहेब आले! सावधाऽऽन!

दत्ता: विजू, मी हवालदार होतो. २४ वर्षं झाली, २०१७ ला बाहेर पडताना ऑनररी नायब सुभेदार मिळालं. मेजर हा अधिकारी असतो. सुभेदार मेजर म्हणतात तोही वेगळा. मी दोन्ही नव्हतो.

संजय: अरे, फौजेतल्या माणसाला सगळे मेजरच म्हणतात. प्रेमाने म्हणतात.

दत्ता: तोंडाने म्हणा, माझी ना नाही. आठ फुटी बॅनरवर नको. आमच्या युनिटमधल्या एखाद्याने फोटो पाहिला तर मला तोंड लपवायला जागा उरणार नाही.

मंगल: बरोबर बोलतोय तो.

संजय: मंगल, बॅनर कमिटीत तू होतीस ना? तेव्हा कुठे होतीस?

मंगल: कमिटी म्हणजे तू आणि तुझा फोन. मला काल रात्री साडेअकराला ‘कसा वाटला’ विचारलंस, मी झोपले होते.

दत्ता: आणि फोटोतला माणूस कोण आहे?

संजय: तूच. ॲपने जरा नीटनेटका केला.

दत्ता: त्याच्या खांद्यावर तीन तारे आहेत. म्हणजे कॅप्टन. वर लिहिलंय मेजर. खाली उभा राहणार हवालदार. एका बॅनरवर तीन माणसं झाली.

विजू: सत्कार एकाच खर्चात तिघांचा 😂

दत्ता: ‘कारगिलवीर’ पण काढ. मी कारगिलला नव्हतो.

बाळू: काय सांगतोस? ९९ ला तुझी सुट्टी रद्द झाली, स्टँडवर सोडायला मीच आलो होतो.

दत्ता: गेलो तो राजस्थानच्या सीमेवर. तिकडे लढाई पेटली असताना इकडेही फौज सज्ज ठेवली होती. प्रत्यक्ष त्या भागात होते त्यांना ऑप विजय स्टार आहे, माझ्याकडे ऑप विजय मेडल आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राजा: मेडल काय नि स्टार काय, पब्लिकला काय कळतंय.

दत्ता: मला कळतंय ना. ५२७ जण परत आले नाहीत रे त्या लढाईतून.

संजय: ठीक आहे. तीन आठवडे एकटा राबतोय. हॉल मी बघितला, सरांना फोन मी केले. तेव्हा कुणी ‘काही मदत हवी का’ विचारलं नाही. चुका काढायला मात्र हजेरी शंभर टक्के. आपण सांगाल तसं, दत्ताजी.

मंगल: दत्ताजी?? संज्या, नववीत त्याच्या वहीतलं गणित त्याच्या खाडाखोडीसकट उतरवलं होतंस.

संजय: एकदा!

बाळू: आणि खिडकीची काच? फोडली तू, छड्या खाल्ल्या त्याने.

संजय: काच विजूने फोडली. हे मी गेली पस्तीस वर्षं सांगतोय.

विजू: माझ्याकडे तेव्हा चेंडूच नव्हता.

सुनीता: टी-शर्टची मापं अजून ११ जणांची यायची आहेत. कृपया पाठवा.

राजा: ते सोडा. दत्ता, खरं खरं सांग, किती टिपलेस?

मंगल: राजा, हे काढून टाक.

राजा: हा संदेश हटवला आहे

राजा: गंमत केली. या ग्रुपवर आता तोंड उघडायची पण सोय राहिली नाही.

दत्ता: असू दे मंगल, सगळेच विचारतात. राजा, मी सिग्नल्समध्ये लाइनमन. टेलिफोनच्या वायरी टाकायचो. वाळूत लाइन पुरायची आणि रात्री गाड्यांच्या चेनखाली ती तुटायची. उजेड करायचा नाही. मग वायर मुठीत धरून तिच्यामागे चालत जायचं, हात रिकामा होईपर्यंत. ते एक टोक. दुसरं कुठेतरी ओढत गेलेलं, ते गुडघ्यावर बसून चाचपडत शोधायचं. जोडलं की पलीकडून ‘हॅलो’ यायचं. तेवढंच टिपलं.

बाळू: हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस.

प्रकाश: त्याने काय सांगितलं आजवर? सात पत्रं टाकली मी. मार्फत ५६ एपीओ. मला वाटायचं एपीओ नावाचं गाव असेल, नकाशात शोधलं होतं. उत्तर आलं एकाचं.

विजू: हा हा, नकाशात!

दत्ता: ते फौजेचं टपाल रे. युनिट कुठे आहे ते पत्त्यावरून कळू नये म्हणूनच तसा नंबर. पत्रं मात्र पोचली.

प्रकाश: मग उत्तर द्यायला काय झालं होतं? तुझे वडील गेले तेव्हा तार मी केली. तू पाचव्या दिवशी पोचलास. तोवर सगळं बाळूने आणि मी पाहिलं. परत जाताना स्टँडवर साधं ‘येतो’ म्हणाला नाहीस.

सुनीता: टी-शर्टची मापं अजून ११ जणांची

सुनीता: सॉरी, वरचं वाचलं नव्हतं.

दत्ता: [फोटो]

बाळू: हे काय, आंतर्देशीय?

प्रकाश: अक्षर माझं आहे.

दत्ता: सातही आहेत. तारही आहे. प्रकाश, बाकीचं भेटल्यावर बोलू, इथे नको.

प्रकाश: बघू. मी येणार हे अजून नक्की नाही.

मंगल: येशील मुकाट्याने.

संजय: [फोटो] हा घ्या नवा बॅनर. मेजर नाही, वीर नाही, सत्कार नाही. ‘दत्ता, तिसरा बाक’. शाळेच्या ग्रुप फोटोतलं तोंड कापून लावलंय. आता तरी?

दत्ता: चौथा बाक. तिसऱ्यावर तू होतास, म्हणून तर मागे वळून उतरवायचास.

विजू: कबुली द्या संजयराव!

संजय: चौथा करतो. काचेचं मात्र मान्य नाही.

सुनीता: दत्ता, तुझं माप?

दत्ता: ४२.

सुनीता: अजून १० जणांची यायची आहेत. कृपया पाठवा.