मदत हवी आहे: ‘हेवेल’ म्हणजे नक्की काय?

मंडळी, हिब्रू येणारं कोणी आहे का इथे? मी सध्या बायबलमधलं ‘उपदेशक’ हे पुस्तक वाचतेय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. मराठीत सगळीकडे ‘व्यर्थ’ छापलंय, पण मूळ शब्द ‘हेवेल’ म्हणे, म्हणजे वाफ, श्वास, थंडीत तोंडातून निघते ना आणि धरायला गेलं की नाही तशी. १२ अध्यायांत हा शब्द ३८ वेळा आहे, त्यातले ५ तर दुसऱ्याच ओवीत! आता वाफ म्हणजे व्यर्थच असं कुठेय, चहाची वाफ काय फुकट असते का, ती फक्त टिकत नाही एवढंच. मग लेखकाला ‘सगळं फोल’ म्हणायचंय की ‘सगळं क्षणभंगुर, हातात न येणारं’? दोन्हीत खूप फरक पडतो ओ, कारण तोच माणूस पुढे जेवा, प्या, कष्टात सुख माना असंही सांगतो.

अजून एक, बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या, म्हणजे उत्पत्तीमधल्या, हाबेलचं (आदामाचा मुलगा) हिब्रू नावही हेवेलच, आणि बिचारा चौथ्या अध्यायात येतो काय नि भावाच्या हातून मरतो काय. हे मुद्दाम जोडलंय की मीच जास्त विचार करतेय? बेने इस्राएली (आपले मराठी ज्यू) कोणी असेल तर तुमच्याकडे याचा अर्थ कसा लावतात तेही सांगा प्लीज.