पोर्तुगीज इंडियाची ताज छाप तिकिटं: छिद्रण 12½ की 13½?

प्रश्न (झुआरी)

पोर्तुगीज इंडियाच्या 1877 च्या ताज छाप (मुकुटाचं चित्र असलेल्या) मालिकेतली 5 रेइसची (तिथलं तेव्हाचं चलन) दोन काळी तिकिटं ओळखायची आहेत. दोन्ही सुटी, वापरलेली. कॅटलॉगात छिद्रण (कडेच्या भोकांची दाटी) 12½ आणि 13½ दिलंय. नेटवरून उतरवून घरी छापलेल्या गेजवर (भोकं जुळवून बघायच्या मोजपट्टीवर) एकाचं माप चारही कडांना 12 येतं, दुसऱ्याचं 13. अशी मापं या मालिकेत कुठेच नाहीत. शिवाय 1871 चं, गोव्यातच छापलेलं 20 रेइसचं एक आहे. त्याची वरची कड डावीकडे 14 ला जुळते, उजवीकडे 16 ला. तिकिटं खोटी समजायची की मोजण्यात चूक आहे?

सासष्टी

तिकिटांवर शंका घेण्याआधी गेज तपासा. घरी छापताना प्रिंटर पान कागदात बसवायला आपणहून थोडं लहान करतो, बहुतेक वेळा 96–97 टक्के. छिद्रणाचा आकडा म्हणजे 20 मि.मी. लांबीत किती भोकं बसतात ती संख्या. गेज 96 टक्क्यांवर आलं की त्यावरचे 20 मि.मी. प्रत्यक्षात 19.2 उरतात. मग 12½ चं तिकीट 12 दाखवतं आणि 13½ चं जेमतेम 13. तुमचे दोन्ही आकडे नेमके असेच चुकलेत, म्हणून माझा संशय गेजवरच आहे.

पडताळा घ्यायला राणी व्हिक्टोरियाचं ब्रिटिश इंडियाचं 1882 चं अर्धा आण्याचं हिरवं तिकीट घ्या. कुठल्याही जुन्या अल्बममध्ये सापडतं. त्याचं छिद्रण 14 आहे. तुमच्या गेजवर ते 13½ च्या आसपास आलं, तर गेज फेकून द्या.

गेजशिवायही काम होतं. पोलादी पट्टी आणि 10 पट भिंग घ्या. तिकिटाच्या उभ्या कडेवर एका भोकाच्या वरच्या काठापासून त्याच्या पुढच्या दहाव्या भोकाच्या वरच्याच काठापर्यंत मोजा, म्हणजे मध्ये बरोबर दहा अंतरं येतात. ही लांबी 16.0 मि.मी. भरली तर छिद्रण 12½ आणि 14.8 भरली तर 13½. सव्वा मिलिमीटरच्या जवळपास फरक आहे, डोळ्यांना स्पष्ट दिसतो. चूक होते ती भोकं मोजताना: पहिलं भोक 'शून्य' धरायचं असतं, ते 'एक' धरलं की दहाऐवजी नऊच अंतरं मोजली जातात.

पाकीट_पोस्ट

मोबाइलवर फोटो काढून मोठा करून मोजलं तर जास्त सोपं जाईल ना?

सासष्टी

मोबाइल नको. तो जरासा तिरका धरला की त्या दिशेची लांबी आखडते. 15 अंश कललं तरी साडेतीन टक्के जातात, म्हणजे छापलेल्या गेजमध्ये झाली तीच चूक पुन्हा. सपाट काचेचा स्कॅनर असेल तर जरूर वापरा. तिकिटामागे काळा कागद ठेवा, 600 डीपीआयवर (इंचाला 600 पिक्सेल) स्कॅन करा आणि दहा अंतरांचे पिक्सेल मोजा: 12½ ला साधारण 378, 13½ ला 350. स्कॅन करताना तिकीट सरळ ठेवा, आणि आडवी व उभी दोन्ही मापं घ्या. दोन्हींत फरक असेल तर आधी आडवं लिहायची पद्धत आहे.

तिकीट नुकतंच पाण्यातून काढलेलं असेल तर मोजू नका. ओला कागद फुगतो, वाळताना दोन दिशांना वेगवेगळा आकसतो. टिपकागदांमध्ये दाबून रात्रभर पूर्ण वाळू द्या.

दातेरी कड

वरचं सगळं मान्य. पण 13½ आलं म्हणून लगेच त्या खान्यात चिकटवू नका. पोर्तुगीज वसाहतींच्या ताज छाप तिकिटांची पुढे पुनर्मुद्रणं झाली आणि तीही 13½ च आहेत. म्हणजे या मालिकेत 13½ हा आकडा खऱ्या तिकिटाचाही आहे आणि पुनर्मुद्रणाचाही. इथेच माणसं फसतात.

पुनर्मुद्रणाचे दोन प्रकार दिसतात. एक गुळगुळीत, पांढऱ्या, खडूचा लेप असल्यासारख्या कागदावरचं, डिंकाविना, भोकं खरबरीत. दुसरं पातळ पांढऱ्या कागदावरचं, मागे चकचकीत पांढरा डिंक आणि भोकं अगदी स्वच्छ कापलेली. भिंगाखाली भोकाची आतली कड बघा: स्वच्छ कापात ती गोल आणि साफ असते, खरबरीत कापात कागदाचे तंतू आत लोंबकळतात. तंतू भोकाच्या कडेला असले तर छिद्रयंत्राची धार बोथट, दाताच्या टोकाला असले तर ते फक्त तिकीट फाडून वेगळं केल्याची खूण. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

वापरलेल्या तिकिटावर त्या काळचा खरा टपाल शिक्का असेल तर पुनर्मुद्रणाची शक्यता बरीच कमी होते. शिक्का मात्र नीट वाचता आला पाहिजे, कोपऱ्यातल्या काळ्या ठिपक्याला पुरावा मानू नका.

खडूच्या लेपाची खात्री करायला चांदीचं नाणं घासायची जुनी पद्धत वापरू नका. काळी रेघ उमटते आणि ती जात नाही. तिकीट दिव्याखाली तिरपं धरून चमक बघा, तेवढं पुरतं.

मांडवी_1871

1871 चं तिकीट वेगळ्या जातकुळीचं आहे. ताज छाप लिस्बनहून आली, ही गोव्यात हातानं छापली गेली, छिद्रणही तसंच ओबडधोबड. पहिल्या मालिकेला 13 ते 18 असा पट्टाच दिला जातो. एकाच कडेवर दोन मापं येणं इथे नेहमीचं आहे. तुमचं गेज 96 टक्क्यांवर असेल तर 14 आणि 16 हे प्रत्यक्षात सुमारे 14½ आणि 16½ होतात, दोन्ही पट्ट्यात बसतात. एक आकडा ठरवायच्या मागे लागू नका. प्रत्येक कडेचं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त माप वहीत लिहा. या मालिकेत मला उलट ती तिकिटं जास्त तपासावीशी वाटतात ज्यांच्या चारही कडा अगदी एकसारख्या आहेत, कारण नंतर पाडलेली भोकं बहुधा अशीच नीटनेटकी असतात.

झुआरी

अर्धा आण्याचं तिकीट गेजवर 13½ च्या किंचित खाली आलं, खरं तर 14 यायला हवं होतं. गेज बाद. पट्टीनं मोजलं: 12 दाखवणाऱ्या तिकिटाची दहा अंतरं 16 मि.मी., दुसऱ्याची पावणेपंधरा ते पंधराच्या मध्ये. दुसऱ्याच्या उजव्या कडेचे दात डाव्यापेक्षा जास्त टोकदार दिसतात. भोकं स्वच्छ आहेत, शिक्क्याचं गोल अर्धंच दिसतं.

दातेरी कड

पहिलं 12½, तिथे प्रश्न मिटला. दुसऱ्याची उजवी कड कापून पुन्हा भोकं पाडली आहेत का ते आता बघा. पहिलं तिकीट त्यावर ठेवून रुंदी जुळवा, चित्राची डावी आणि उजवी मोकळी जागा मोजा. उजवीकडे भोकं छपाईला खेटत असतील, आणि दातांची टोकं फाटलेली नसून सरळ कापल्यासारखी, तंतूंविना असतील, तर ती कड नंतरची आहे. मोकळी जागा दोन्हीकडे सारखी आणि टोकांना तंतू असतील तर कड मूळची समजा आणि मग कागदाकडे वळा. त्यासाठी मागची बाजू तिरप्या उजेडात धरून एक स्कॅन इथे टाका, शिक्क्याची अक्षरंही वाचता येतील अशी.