मदत हवी आहे: बंद केलेलं फुटबॉल पुन्हा सुरू करावं का?
मंडळी, अमेरिकेतल्या माझ्या जुन्या विद्यापीठाने बंद केलेला फुटबॉल संघ (तिकडचं फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचं ते) परत आणायचं घाटतंय. माजी विद्यार्थ्यांकडून मतं मागवलीत. काय लिहावं कळेना.

जो तो अलाबामा-बर्मिंगहॅम विद्यापीठाचा दाखला देतो: डिसेंबर २०१४ मध्ये बंद, सहा महिन्यांत निर्णय फिरवला, २०१७ मध्ये संघ मैदानात, २०१८ मध्ये कॉन्फरन्स (विद्यापीठांच्या गटाची स्पर्धा) विजेता. पण तिथे देणगीदारांनी खिशात हात घातला होता. हॉफस्ट्रा विद्यापीठाने २००९ मध्ये बंद केलं ते कायमचं. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये सोडलं, १९६९ मध्ये परत आणलं, तेही क्रीडा शिष्यवृत्तीशिवाय. मला हा मार्ग बरा वाटतो.

खरी मेख टायटल नाइनची (शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा अमेरिकी कायदा, खेळांनाही लागू). शंभरेक मुलगे एकदम वाढले की मुलींच्या संधीही वाढवाव्या लागणार, म्हणजे नवे संघ, नवे कोच. प्रस्तावात हेल्मेटपासून स्कोअरबोर्डपर्यंत सगळ्याचा हिशोब आहे, याचा मात्र एका ओळीचाही नाही!

अशा समितीवर कुणी काम केलंय का? विद्यार्थ्यांच्या फीमधला किती पैसा खेळांकडे वळतो, हे नेमकं कोणत्या कागदात सापडतं? मत पाठवण्याआधी तेवढं बघायचंय.