मदत हवी आहे: फोन काढून घेतल्यापासून भाऊ आणखीच गप्प झालाय

माझा धाकटा भाऊ वीस वर्षांचा. सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विश्रामबागला मित्रासोबत खोली घेऊन राहतो. घर तासगाव तालुक्यात, दोन एकर द्राक्षबाग. मी लग्नानंतर साताऱ्यात. आईशी बोलायला गेलं की ती रडते आणि दादांशी (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) या विषयावर दोन वाक्यं धड होत नाहीत, म्हणून इथे विचारतेय.

गेल्या वर्षीपर्यंत तो शनिवारची एसटी चुकवायचा नाही. गोडी छाटणी झाली की काड्यांना पेस्ट लावायला दरवर्षी दादांच्या बरोबरीने असायचा. यंदा आला, पण बांधावर फोन घेऊन बसून राहिला. मी त्याच्या रूममेटला फोन केला तेव्हा कळलं की पहाटे चारपर्यंत जागा असतो, दुपारी उठतो, लेक्चरला जात नाही, मेसचा डबा तसाच पडलेला असतो. एखाद्या गेमचं वेड आहे असंही नाही. रील, मग गेम, परत रील. "ताई, हसायचं काही आलं तरी तो हसत नाही," हे रूममेटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्याकडूनच हेही कळलं की पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. घरी सांगितलं होतं, सगळे सुटले.

दिवाळीत दादांनी फोन काढून कपाटात ठेवला. दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाला, "मी नसतो तर फीचे पैसे तरी वाचले असते." आई घाबरली, फोन परत दिला. तेव्हापासून माझा फोनही उचलत नाही. मेसेज वाचलेला दिसतो, उत्तर नाही.

दादा मोहित्यांचे वडगावचं उदाहरण देतात. आपल्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, 2022 पासून तिथे संध्याकाळी 7 ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. "अख्ख्या गावाला जमतंय, तुला एकट्याला जमत नाही?" मला वाटतं, एकट्याला जमत नाही हेच तर खरं आहे. तिथे सगळी घरं मिळून बंद ठेवतात. त्याच्या खोलीत फोन बाजूला ठेवला तर उरतं काय?

मी नेटवर मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची इंटरनेटच्या व्यसनाची 20 प्रश्नांची चाचणी त्याच्या वतीने भरली. आकडा मोठा आला आणि मी हादरले. हे व्यसन आहे, की नापास झाल्याचं दुःख तो फोनमागे लपवतोय? आणि डॉक्टरकडे न्यायचं तर त्याच्याशी बोलायचं कसं?

प्रतिसाद १

ताई, मी मिरजेत शिकवते, डॉक्टर नाही. फोनचं नंतर बघू, आईला बोललेलं वाक्य आधी धरा. त्याला सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने तसला विचार मनात येतो ही भीती खोटी आहे. उलट मुलं मोकळी होतात. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, थेट हॉस्पिटल. आजच 14416 लावा, टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं, आणि घरच्या माणसानेही फोन करायला हरकत नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे.

चाचणीचा आकडा सोडून द्या. ती ज्याची त्याने भरायची असते, आणि तेवढ्यावर निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण तिथेही नुसते तास मोजत नाहीत. ताबा सुटलाय का, बाकी सगळं मागे पडलंय का, नुकसान दिसूनही थांबता येत नाही का, आणि हे साधारण 12 महिने चाललंय का, हे बघतात. उदासी आधी की फोन आधी, हे डॉक्टरच त्याच्याशी बोलून ठरवतील. तो सज्ञान आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची माहिती गोपनीय ठेवायची असते, हे त्याला नक्की सांगा. दादांना कळेल या धाकानेच मुलं जात नाहीत.

प्रतिसाद २

माझा एम-थ्री (इंजिनिअरिंगचा गणिताचा पेपर) तीनदा राहिला होता. फोन ठेवला की डोक्यात निकाल सुरू व्हायचा, म्हणून ठेवतच नव्हतो. मजा कसली येत नव्हती. मावसभाऊ खोलीवर आला, मला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेला, तासभर फोनचा विषयसुद्धा काढला नाही. मग विचारलं, "झोप लागते का रे?" मी तिथेच रडलो. झोपेसाठी म्हणून डॉक्टरकडे गेलो, बाकीचं तिथे आपोआप निघालं. विषय राहिलेत हे तुम्हाला कळलंय आणि तुम्ही चिडला नाहीत, हे त्याला आधी सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रात्री 14416 वर बोलले. त्यांनीही त्याला सरळ विचारायला सांगितलं. रूममेटला सगळी कल्पना दिली आहे, आज रात्री तो खोलीवरच थांबणार आहे. मी सकाळच्या एसटीने सांगलीला निघतेय. दादांना अजून सांगितलेलं नाही, आईला सांगितलंय. विषय राहिल्याचं मी आधी काढेन, मग झोपेचं विचारेन, मग ते दुसरं. त्याने दारच उघडलं नाही तर काय करायचं, हे मात्र सुचत नाहीये. कुणावर अशी वेळ आली असेल तर लिहा, मी एसटीत वाचते.