सिरॅमिक कोटिंग, ऊन आणि दमट हवा : तुमचे अनुभव लिहा

सात महिन्यांपूर्वी गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा पातळ, पाणी झटकणारा थर, करून घेतलं. पहिले दोन महिने गाडी धुण्याचं व्यसनच लागलं होतं. पाइप धरला की पाणी अळवाच्या पानावरून पळावं तसं पळायचं आणि मी उगाच आणखी पाच मिनिटं पाणी मारत बसायचे. आता चित्र उलटं आहे. बॉनेटवर आणि टपावर पांढरट गोल डाग पडलेत, ते शाम्पूने हलत नाहीत. डिकीवर पाणी थेंब धरत नाही, नुसतं पसरून बसतं. करून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "आता पाच वर्षं बघायला नको." मी खरंच बघितलं नाही, तिथेच बहुतेक चुकलं.

आमच्याकडची हवा अशी, की दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो आणि पहाटे तोच पत्रा दवाने निथळत असतो. अशा हवेत ज्यांच्या कोटिंगने निदान एक कडक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलाय, त्यांनी लिहा. चकचकीत फोटोंपेक्षा फसलेले प्रयोग वाचायला आवडतील. आणि माझ्या डिकीवरचं कोटिंग मेलं का, तेही कुणी सांगा.

*

डागांच्या बाबतीत मी तुमच्या चार पावलं पुढे आहे. पाणी वाचवायच्या उत्साहात मी आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुवायचो. पाणी "फिल्टरचं" आहे, एवढंच डोक्यात. फिल्टरने गाळून जे क्षार बाहेर टाकले ते सगळे याच पाण्यात उतरतात, हे कळायला चार महिने लागले. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला तेव्हा नळाचं पाणी 310 निघालं आणि टाकाऊ पाणी 700च्या वर. म्हणजे दर रविवारी मी गाडीला चुन्याचा हात देत होतो, तोही सकाळी अकराच्या उन्हात.

यातली गोम अशी, की कोटिंगमुळे हे डाग कमी होत नाहीत, उलट ठळक होतात. साध्या रंगावर पाणी पसरतं, क्षारही पातळ पसरतात. कोटिंगवर थेंब टपोरा राहतो आणि तसाच आकसत सुकतो. त्यातलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम एका वर्तुळात गोळा होतं. ज्या टपोऱ्या थेंबांचे आपण व्हिडिओ काढतो, डाग तेच पाडतात.

माझा उपाय : पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. गाडी सावलीत, पत्रा गार. फडका भिजवून डागावर मिनिटभर ठेवायचा, मग भरपूर पाणी. व्हिनेगर अंगावर सुकू द्यायचं नाही. ताजे डाग दोन फेऱ्यांत गेले. टपावरचे जुने मात्र गेले नाहीत. बोट फिरवलं तर काही लागायचं नाही, पण तिरक्या उजेडात कडा दिसायच्या. शेवटी पॉलिश करावं लागलं आणि डागांबरोबर तिथलं कोटिंगही गेलं.

आता शेवटचं खळखळायचं पाणी एसीचं. दमट हवेने मला दिलेली ही एकमेव चांगली गोष्ट. नळीखाली बादली ठेवली की दिवसभरात भरते. हवेतलं बाष्प थंड होऊन झालेलं पाणी, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. माझ्या मीटरवर 20च्या आत येतं. फक्त जुन्या सुती कापडातून गाळून घेतो, कारण एसीतली धूळ त्यात उतरते.

*

एसीच्या पाण्याची कल्पना आवडली. आमच्याकडे एसी नाही, त्यामुळे मी एक साधी गोष्ट करते. शेवटी पाइपचं तोंड काढून टाकते आणि पाण्याची धार जोर न लावता टपावरून सोडते. कोटिंगवर पाणी चादरीसारखं सरकतं आणि जाताना थेंबांनाही घेऊन जातं. पुसायला फार थोडं उरतं. फवारा मारला की हजार थेंब नव्याने तयार होतात.

*

माझ्या कोटिंगचा शत्रू ऊन नाही, पाऊस नाही. माझे बाबा आहेत.

रोज सकाळी सहाला उठून ते गाडीवरचं दव सुती फडक्याने पुसायचे. "आयतं पाणी पडलंय, दोन हात मारले की गाडी स्वच्छ." दव पडलेलं असतं ते रात्रभर बसलेल्या धुळीवर. त्यावर फडका फिरवणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच. काळी गाडी, सहा महिने, आणि उन्हात बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे.

बाबांना दोष तरी कसा देणार? कोटिंग करणाऱ्याने "हिऱ्याचा कडकपणा 10, आपलं 9" असं मला सांगितलं होतं आणि मीच ते घरी येऊन मोठ्या आवाजात ऐकवलं होतं. त्यांनी विश्वास ठेवला. पहाटेचा फडका हातातून सुटणं शक्य नव्हतं, मग तह झाला. बॅटरीवरचा छोटा ब्लोअर आणून दिला. आता ते दव फुंकून उडवतात. गाडीला नवे ओरखडे नाहीत. शेजाऱ्यांची झोप मात्र मोडते.

*

त्या "9"बद्दल. 9एच हा आकडा पेन्सिलींच्या कडकपणाचा आहे. ठरावीक दाबाने पेन्सिल पृष्ठभागावर ढकलायची आणि ओरखडा उठतो का ते बघायचं, एवढीच चाचणी. त्या पट्टीत 9एच ही सर्वांत कडक पेन्सिल. हिरा ज्या पट्टीत 10 आहे ती मोह्सची, खनिजांची. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. कोटिंगचा थर साधारण एक ते दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, त्याखालचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, 40-50 मायक्रॉनचा, आणि आपल्या डोक्यावरचा केस 70च्या आसपास. केसाच्या पस्तिसाव्या हिश्शाने खडी अडवायची अपेक्षा आपण ठेवतो!

धागाकर्त्या ताई, तुमची डिकी मेलेली नसावी, तिचा श्वास कोंडला असावा. थेंब धरत नाही म्हणजे कोटिंग गेलं, असं लगेच समजू नका. चालत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा होतो, रस्त्यावरची धूळ आणि धूर तिथेच येऊन चिकटतो. दमट हवेत तो तेलकट थर आणखी घट्ट बसतो. कोटिंग त्याच्याखाली शाबूत असू शकतं, पण पाण्याची गाठ पडते ती वरच्या मळाशी.

परीक्षा सोपी आहे. डिकीच्या मधोमध उभी चिकटपट्टी लावा. एक बाजू नेहमीसारखी धुवा. दुसऱ्या बाजूला आधी जरा तीव्र, तेल काढणारा फोम, मग लोहकण काढणारं द्रावण. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतलेले असले तर ते जांभळं होऊन ओघळतं, घाबरू नका. वास कुजक्या अंड्यांसारखा येतो, त्यालाही घाबरू नका. उन्हात मात्र करू नका, द्रावण सुकलं की त्याचेच डाग पडतात. शेवटी व्हिनेगर-पाण्याचा हात आणि भरपूर पाणी. मग पट्टी काढून दोन्हीकडे पाणी मारा. फरक दिसला तर कोटिंग जिवंत आहे, वरून कोटिंगला ताजं करणारा सिलिकाचा स्प्रे मारा आणि दर दोन-तीन महिन्यांनी मारत राहा. फरक नाही दिसला तर मग रडा.

एक विचारायचं राहिलं. शाम्पू कुठला वापरता? चकाकीसाठी वॅक्स घातलेले शाम्पू कोटिंगवर स्वतःचा थर सोडतात, आणि मग आपण कोटिंगला नावं ठेवतो.

*

समुद्राजवळ राहतो, म्हणून माझी तक्रार वेगळी. खारी हवा आली म्हणून मी कोटिंग केलं आणि निर्धास्त झालो. वरून गाडी आजही आरशासारखी आहे. तिसऱ्या वर्षी दाराच्या खालच्या शिवणीतून तपकिरी ओघळ आला. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला छोटी भोकं असतात, ती पाचोळा आणि चिखलाने बुजली होती. पाणी आत साठत होतं, त्यात मीठ. मीठ हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळे ती जागा कधी कोरडीच होत नव्हती. गंज आतून बाहेर आला. बाहेरच्या रंगावरचं कोटिंग त्याला काय करणार?

आता धुण्याइतकाच वेळ सुकवण्यात जातो. दारं, डिकी, बॉनेट उघडून कडा पुसतो, इंधनाच्या झाकणाची खाच पुसतो, आरशांखालचं पाणी ब्लोअरने काढतो. चाकांच्या आतल्या कमानी आणि खालची बाजू साध्या पाण्याने दर आठवड्याला. आमच्याकडे उघड्या पत्र्यावरचं पाणी उन्हात दोन मिनिटांत उडतं आणि खाचेतलं दोन दिवस तसंच राहतं. गाडीला त्रास दोन्हींचा.

कव्हरही बंद केलं. ओल्या गाडीवर एकदा घातलं, चार दिवसांनी काढलं तर काचेच्या रबरावर बुरशी.

*

लांबच्या प्रवासावरून आलो, गाडी झाडाखाली लावली, थकून झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर बॉनेटवर पाखरांनी दोन ठिकाणी प्रसाद दिलेला. कोटिंग आहे म्हणून संध्याकाळी धुतलं. विष्ठा गेली, तिचा नकाशा राहिला.

त्यात यूरिक आम्ल असतंच, पण उष्णतेचा हात मोठा. तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो, फुगतो आणि गार होताना वर सुकलेल्या पापुद्र्याच्या आकाराभोवती आवळला जातो. कोटिंग थोडा वेळ मिळवून देतं, एवढंच. दोन तासांचे चार तास म्हणा, चोवीस नाही.

आता डिकीत पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन मायक्रोफायबर असतात. ओला फडका डागावर पाच मिनिटं ठेवायचा, मग उचलून घ्यायचा. घासायचं नाही, त्यात वाळूचे कण असतात. झाडाचा चीक आणि किडे यांनाही हाच नियम. चीक कडक झाला असेल तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल.

*

डास पळवणारा स्प्रे हाताला चोळून दार ढकलू नका. त्यातलं डीट हे रसायन प्लास्टिक आणि वार्निश खातं. माझ्या दाराच्या काळ्या पट्टीवर चार बोटं कायमची उमटली आहेत. कोटिंग होतं.

*

मी स्वतः केलं. करू नका असं म्हणणार नाही, पण दमट दिवशी करू नका.

बाटलीवर लिहिलं होतं, लावल्यावर दोन-तीन मिनिटांनी पुसा. मी घड्याळ लावून बसलो. ही कोटिंग हवेतल्या ओलीशी क्रिया होऊनच घट्ट होतात, आणि त्या दिवशी हवेत ओल म्हणजे नुसता चिखल. मिनिटभरातच फडका अडकायला लागला. टपावर इंद्रधनुषी, तेलकट पट्टे राहिले. ते रात्री दिव्याखाली दिसले नाहीत, सकाळी दिसले. लगेच लक्षात आलं असतं तर त्यावरच ताजं कोटिंग लावून पुसता आलं असतं. रात्रीत ते घट्ट झालं होतं, मशिन पॉलिशच लागलं.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा घड्याळ बाजूला ठेवलं, पृष्ठभागाकडे बघितलं. रंग चढला, थरावर घाम आल्यासारखं दिसलं, की पुसलं. एका वेळी दोन हात लांब-रुंद, त्याहून मोठा भाग नाही. आणि पहिले चोवीस तास गाडी छपराखाली, दवसुद्धा पडू दिलं नाही. नंतर आठवडाभर शाम्पू नाही.

*

वाचून वाचून दमले. दोन वर्षांनी माझं कोटिंग संपलं, परत केलं नाही. दर दोन महिन्यांनी साधा सीलंटचा (रंगावर तात्पुरता थर देणारा) स्प्रे मारते. गाडी तशीच धुवावी लागते, तसंच पाणी पुसावं लागतं, पाखरांची शीट तितक्याच घाईने काढावी लागते. मग कोटिंगने माझे कष्ट नक्की कुठे वाचवले? त्याआधी कार्नोबा वॅक्सही (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण) वापरून पाहिलं होतं. ते वितळतं 82 अंशांच्या पुढे, पण उन्हातल्या काळ्या टपावर तीन आठवड्यांत नाहीसं झालं.

*

चिखल कमी चिकटतो आणि धुवायला निम्मा वेळ लागतो, हे तरी मान्य करा. माझी पांढरी गाडी चौथ्या वर्षात आहे. फडके मात्र वेगळे धुवा, त्यांना कपड्यांचा सॉफ्टनर लावू नका. सॉफ्टनरचा थर बसला की मायक्रोफायबर पाणी शोषत नाही, नुसतं इकडचं तिकडे सारवतं. आणि पुढच्या काचेला बॉडीचं कोटिंग लावू नका. वायपर पावसात थरथरत, कुरकुरत चालतो. काचेसाठीचं वेगळं मिळतं.

*

धागाकर्ती. रविवारी पहाटे, पत्रा गार असताना, चिकटपट्टीचा प्रयोग केला. डावी बाजू जांभळी झाली, वासाने घरातले बाहेर येऊन बघून गेले. पाणी मारलं तर डावीकडे थेंब पळाले, उजवीकडे पाणी पूर्वीसारखंच लोळत पडलं. म्हणजे जिवंत आहे. मग उजवी बाजूही केली.

बॉनेटवरचे बहुतेक डाग व्हिनेगरने गेले. टपावरचे चार गेले नाहीत. पॉलिश करून तिथलं कोटिंग घालवण्यापेक्षा ते राहू दे, तसंही टपावर कोण बघायला जातंय.

शाम्पूची बाटली उलटी करून वाचली. मागे बारीक अक्षरात "वॅक्सयुक्त". अर्धी शिल्लक आहे, ती नवऱ्याच्या स्कूटरला दिली. तो खूश आहे.